करडी : दोनदा हरलेलं पीक

गेल्या आठवड्यात बार्शीकडून येताना रस्त्याकडेला एक पिवळंधमक रान दिसलं. गाडी थांबवली, फोटो काढला आणि इथेच टाकला. खाली फक्त एवढंच लिहिलं, "ओळखा पाहू." उत्तरं वाचून आधी हसू आलं, मग हसू विरलं. कुणी लिहिलं केशर, कुणी जंगली झेंडू, कुणी सूर्यफुलाची नवी जात. चार-पाच जणांनी तर पिवळा धोतरा म्हटलं. ही सगळी आपल्याच जिल्ह्यातली मंडळी, त्यातली निम्मी शेतकऱ्यांची पोरं. बरोबर उत्तर दिलं ते पन्नाशीच्या पुढच्यांनी. "आरं, करडी हाय की ती!"

हो, ती करडी. पुस्तकात करडई, आमच्याकडे बोलताना करडी. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्याच कुळातली. फूल उमलतं तेव्हा पिवळं, सुकताना केशरी-लाल होत जातं. पानाला काटे, बोंडाला काटे. तीस वर्षांपूर्वी सीना-भीमेच्या या पट्ट्यात जिच्याशिवाय एकही रान दिसायचं नाही, ती आज फोटो टाकून ओळखायला लावावी लागते. म्हणून म्हटलं, हिची गोष्ट एकदा नीट लिहूया. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी हे सांगायला हवं की करडी मुळात तेलासाठी ओळखली जात नव्हती. जगात तिचं नाव झालं ते रंगासाठी.

इजिप्तमध्ये जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीच्या कापडावर करडईच्या फुलांचा रंग सापडलेला आहे. ममींच्या गळ्यातल्या फुलांच्या माळांतही करडईची फुलं असायची. आपल्याकडे संस्कृतात तिचं नाव कुसुम्भ. कालिदासाच्या 'ऋतुसंहार'मध्ये वसंत ऋतूच्या वर्णनात बायकांच्या अंगावर कुसुंबी रंगाची वस्त्रं आहेत. मराठीत 'कुसुंबी' हा शब्द आजही टिकून आहे. लग्नाच्या साड्यांच्या दुकानात ऐकू येतो. पण कुसुंबी म्हणजे करडईच्या फुलाचा रंग, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि ऐकणाऱ्यालाही. उत्तर भारतात करडईला आजही कुसुम म्हणतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईचा एक वाण काढला, त्याचं नावच 'परभणी कुसुम' ठेवलं. जुनं नाव असं फिरून परत आलं.

या फुलातून रंग काढायची रीत मोठी मजेची होती. पाकळीत दोन रंग असतात, एक पिवळा आणि एक लाल. पिवळा पाण्यात विरघळतो, लाल विरघळत नाही. मोल होतं ते लाल रंगाला. म्हणून पाकळ्या पाण्यात तुडवून, पुन्हा पुन्हा धुऊन पिवळा रंग काढून टाकायचे. मग खारवट पाण्यात, म्हणजे राखेच्या किंवा सज्जीखाराच्या पाण्यात त्या भिजवायच्या, की लाल रंग सुटायचा. त्यात कापड बुडवून वर लिंबासारखा आंबट रस टाकला की रंग कापडावर बसायचा. सुती आणि रेशमी, दोन्ही कापडांवर फिकट गुलाबीपासून गडद लालपर्यंत छटा मिळायच्या. खोड एकच होती. रंग उन्हाने आणि धुण्याने उडायचा. कच्चा रंग. म्हणून सणासुदीचं, लग्नाचं कापड यात रंगवायचे.

कंपनी सरकारच्या काळात या वाळलेल्या पाकळ्यांच्या चपट्या वड्या करून बंगालमधून जहाजाने विलायतेला जायच्या. ढाक्याचा माल सगळ्यात चांगला समजला जायचा. आणि तिकडे त्या रंगाचा एक उपयोग असा होता, की आम्हा पत्रकारांनी तरी तो लक्षात ठेवावा. विलायतेतल्या सरकारी आणि कोर्टाच्या कागदांचे गठ्ठे ज्या फितीने बांधत, ती गुलाबी-लाल फीत करडईच्या रंगात रंगवायचे. होय, लालफीत! 'लालफितीचा कारभार' असं आम्ही आठवड्यातून एकदा तरी लिहितो. ज्या शेतकऱ्याची फाईल त्या फितीत अडकते, त्या फितीला रंग त्याच्यासारख्याच कुणा शेतकऱ्याच्या रानातून गेलेला होता.

मग १८५६ साल आलं. लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा हिवतापावरचं क्विनाइन प्रयोगशाळेत तयार करायला बसला होता. क्विनाइन काही झालं नाही, पण दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या पदार्थातून त्याला जांभळा रंग मिळाला. जगातला पहिला कारखान्यात बनू शकणारा कृत्रिम रंग. तीन वर्षांत मॅजेन्टा आला, पुढे एकामागून एक लाल रंग आले. स्वस्त, डब्यात मिळणारे, पाकळ्या खुडायची आणि तुडवायची गरज नसलेले. एकोणिसावं शतक संपेपर्यंत करडईच्या रंगाचा व्यापार बसला. नीळीचं नंतर जे झालं, ते करडईचं आधी झालं. फरक इतकाच की निळीवर पुस्तकं लिहिली गेली, नाटकं झाली, चंपारणचा सत्याग्रह झाला. करडईवर कुणी काही लिहिलं नाही.

हा तिचा पहिला पराभव.

पण आपल्या दख्खनमध्ये ती मेली नाही. कारण आपण तिला रंगासाठी लावतच नव्हतो, तेलासाठी लावत होतो. इंग्रजांच्या काळातली जिल्हा गॅझेटियरं चाळली तर करडईची नोंद सापडते ती अशीच. रब्बीच्या पिकात ओळीने पेरलेली, कोवळी असताना भाजीला, पिकल्यावर तेलाला. मोटेचा नाडा आणि चामडं पाण्याने कुजू नये म्हणून लावायचं काळं तेलही करडईचंच असायचं. बंगालात करडई व्यापारासाठी होती, तिकडे ती व्यापाराबरोबर संपली. इथे ती घरासाठी होती, म्हणून राहिली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरची ती तशीच असेल.

आमचं सात एकर काळं रान. खरिपात ते मोकळंच असायचं. पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालून ओल धरून ठेवायची आणि हस्ताच्या पावसावर, सप्टेंबरच्या अखेरीस नाहीतर ऑक्टोबरात, रब्बीची पेरणी. मुख्य पीक ज्वारी. अण्णा तिफणीने ज्वारी पेरायचे आणि मधे ठरावीक अंतराने करडीचे तास टाकायचे. रस्त्याच्या आणि पांदीच्या बाजूला तर करडीचा जाड पट्टाच असायचा. ते कुंपण होतं. काटेरी पट्ट्यातून गुरं आत शिरत नाहीत, येणारा-जाणारा हुरड्याला कणसं मोडत नाही. तारेचा खर्च नाही, सौरझटका मशीन नाही. कुंपणही तेच आणि पीकही तेच.

वीस-पंचवीस दिवसांत विरळणी. जास्तीची कोवळी रोपं उपटायची, ती म्हणजे करडीची भाजी. लसूण-मिरचीची फोडणी, वर दाण्याचा कूट, सोबत भाकरी. त्यानंतर या पिकाला तुम्ही काही म्हणता काही द्यायचं नाही. तिचं सोटमूळ पाच-सहा फूट खोल जातं. वरची जमीन भेगाळली तरी खालची ओल ती ओढून घेते. ज्वारीची ताटं माना टाकतात तेव्हाही करडी हिरवी दिसते. शत्रू म्हणाल तर एक मावा. थंडीत आभाळ आलं की काळा मावा पडायचा आणि झाडं चिकट व्हायची. तेवढं सांभाळलं की फेब्रुवारी-मार्चला एकरी तीन-चार पोती कुठे गेली नाहीत.

मग पोती तालुक्याला घाण्यावर जायची. तेल पत्र्याच्या डब्यात भरून घरी यायचं आणि पेंड गाडीत. तेल वर्षभर आम्हाला, पेंड म्हशीला. विजापूरकडच्या आमच्या पाहुण्यांकडे तर करडी भिजवून, वाटून तिचं दूध काढायचे आणि गव्हाच्या खिरीत घालायचे. दुकानातून तेल विकत आणणं ही आमच्या घरात कमीपणाची गोष्ट समजायचे.

असं हे पीक १९९०च्या सुमारास देशात सात लाख हेक्टरांहून जास्त जमिनीवर होतं आणि त्यातला मोठा वाटा आपल्या महाराष्ट्राचा, त्यातही सोलापूर आणि मराठवाड्याचा. देशभरातल्या करडई संशोधनाचं समन्वयाचं काम सोलापुरातून चालायचं. इथल्याच केंद्राने आपल्या नदीचं नाव देऊन 'भीमा' हा वाण काढला. आज देशातलं करडईचं क्षेत्र एक लाख हेक्टरच्याही आत आलं आहे. एका पिढीत सातातले सहा भाग गेले. कुठे गेले?

कारणं एकेक करून बघू.

पहिलं पाणी. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं. नंतर कालवे आले, उपसा सिंचन आलं, ऊस आला, कारखाने आले. जिथे पाणी पोचलं तिथे कोरडवाहू पिकाला जागा राहिली नाही. यात शेतकऱ्याची चूक नाही. पाणी असताना करडी कोण लावेल?

दुसरं सोयाबीन. जिथे पाणी नव्हतं तिथे हे आलं. पूर्वी खरिपात मोकळी राहणारी रानं सोयाबीनखाली गेली. सोयाबीन निघेपर्यंत ऑक्टोबर येतो, रानातली ओल अर्धी झालेली असते. करडीला निघायला सव्वाशे ते एकशेचाळीस दिवस लागतात आणि पेरायला उशीर झाला की मावा तिला खातो. त्यापेक्षा लवकर निघणारा हरभरा बरा. सोयाबीनवर हरभरा अशी जोडी जमली आणि करडी, ज्वारी दोघी बाजूला पडल्या.

तिसरं कारण रानात दिसत नाही. ते बंदरावर आहे. १९८६ साली केंद्र सरकारने तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत देश खाद्यतेलात जवळजवळ स्वतःच्या पायावर उभा राहिला. ही थापेबाजी नव्हे, खरंच झालं होतं. मग १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली केली, ६५ टक्के शुल्क लावून. ते शुल्क कमी कमी करत १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आणलं. मलेशिया-इंडोनेशियाचं पामतेल स्वस्तात आलं. हॉटेलात, फरसाणात, बिस्किटात आणि हळूहळू घरात शिरलं. आज आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं.

आणि याच १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात भेसळ झाली, माणसं मेली. भेसळ कशाची होती? पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची. तोच पिवळा धोतरा, ज्याला तुम्ही माझ्या फोटोत करडी समजलात, किंवा करडीला तो समजलात! त्या प्रकरणानंतर सुट्या तेलाच्या विक्रीवर बंधनं आली, खाद्यतेल पॅकबंदच विकायचा आदेश निघाला. हेतू चांगला होता, माणसं खरंच मेली होती. पण पॅकिंगचा खर्च, परवाने, तपासण्या हे मोठ्या कंपनीला परवडतं. तालुक्याच्या घाणेवाल्याला नाही. आमच्या गावात तीन घाणे होते. एकाच्या जागी आज मोबाईलचं दुकान आहे, दुसऱ्याच्या जागी झेरॉक्स सेंटर, तिसरा बंद आहे.

म्हणजे बघा, एकोणिसाव्या शतकात जहाजातून डब्यातला स्वस्त रंग आला आणि करडीचा रंग हरला. विसाव्या शतकात जहाजातून स्वस्त तेल आलं आणि करडीचं तेल हरलं. दोन्ही वेळा पिकात खोट नव्हती. पहिल्या वेळी ती घरासाठी होती म्हणून वाचली. दुसऱ्या वेळी पाउच थेट घरात आला.

आता एक कबुली. २००२-०३ च्या सुमारास मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून एका दैनिकाला तालुका वार्ताहर म्हणून लागलो होतो. त्या वेळी मी एक बातमी लिहिली होती, चार कॉलमी. 'पारंपरिक पिकांना फाटा, शेतकरी वळला पिवळ्या सोन्याकडे.' सोयाबीनचं कौतुक होतं. त्यात करडीचा उल्लेख एका वाक्यात होता, 'जुनाट, कष्टाचं पीक' असा. बातमी आतल्या पानावर ठळक छापून आली. मी कात्रण जपून ठेवलं. परवा कपाट आवरताना ते सापडलं आणि वाचून मान खाली गेली. एक पीक जातंय, त्याच्या मागून घाणा जातोय, पेंड जातेय, भाजी जातेय, हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी त्याला प्रगती म्हणून मोकळा झालो होतो.

हे सगळं मी आईला सांगत होतो. म्हटलं, आपली करडी गेली, फार वाईट झालं. आई आता सत्तरीच्या पुढे आहे. ती निवडणं बाजूला ठेवून म्हणाली,

"गेली ते बरं झालं बघ. तुमाला काय, तुमी भाजी खाल्ली, तेल खाल्लं. काढायला कोण हुतं?"

आणि तिने तळहात पुढे केले.

मला एकदम आठवलं. करडी काढायची ती पहाटे. ऊन वर आलं की काटे ताठ होतात, हात लावू देत नाहीत. दव असेपर्यंत जरा मऊ असतात. म्हणून तीन-चारला उठून बायका रानात. हाताला जुन्या धोतराच्या चिंध्या नाहीतर गोणपाट गुंडाळलेलं, पायाला तसंच. तरी काटा जायचाच. तो मोडून आत राहायचा, ठणकायचा, पिकायचा. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात आई आणि काकू एकमेकींच्या हातातले काटे सुईने काढत बसायच्या. मग त्याच हातांनी भाकरी थापायच्या. आठ-दहा दिवस हा कार्यक्रम. मळणीला तीच तऱ्हा, बडवताना कूस अंगभर उडायचं.

माझ्या २००३ च्या बातमीत ज्याला मी एका शब्दात 'कष्टाचं' म्हटलं, ते कष्ट कुणाचे, हे तेव्हाही लिहिलं नव्हतं आणि आज करडीच्या आठवणीने गहिवरलो तेव्हाही ते मला सुचलं नाही. सोशल मीडियावर 'आजीच्या काळातलं शुद्ध तेल' म्हणून पोस्टी फिरतात ना, त्या तेलाच्या डब्यामागे आजीचे हात होते. मजुरीचा दुसरा मार्ग दिसला तसा बायकांनी करडी काढायला यायचं बंद केलं. गावोगाव हेच झालं. "दुप्पट द्या तरी नको," असं सांगायच्या. हे चौथं कारण. कुठल्याच अहवालात ते पहिल्या क्रमांकावर नसतं. माझ्या मते ते पहिलं असायला हवं.

बरं, काट्यावर उपाय निघाला नाही का? निघाला. आपल्या शेजारी फलटणला बी. व्ही. निंबकरांनी १९६८ साली स्थापलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याच्या करडईवर वर्षानुवर्षं काम केलं. 'नारी ६' हा बिनकाट्याचा वाण आणि त्यानंतर बिनकाट्याचा संकरित वाणही त्यांनी काढला. याच्या पाकळ्याही खुडता येतात. वाळवलेल्या पाकळ्यांना चहासाठी आणि औषधासाठी मागणी असते, चीनमध्ये तर त्यांचा फार जुना वापर आहे. मग आपल्याकडे तो सगळीकडे का पसरला नाही? मोडनिंबकडच्या एका शेतकऱ्याने मला दोन वाक्यांत सांगितलं, "बिनकाट्याची करडी आमच्या आधी हरणं खात्यात. काटा हाय म्हणून तर ती पीक राखती." म्हणजे काटा ठेवावा तर माणूस हात लावत नाही, काटा काढावा तर जनावर ठेवत नाही.

पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट बदलली आहे. कंबाइन हार्वेस्टर. गव्हाला, सोयाबीनला येणारं तेच मशीन थोडं बदल करून करडीला चालतं. चालक वर बसलेला, काटा खाली. बार्शी रोडला मी फोटो काढला ते रान त्याच भरवशावर पेरलेलं आहे. शेतकरी पस्तिशीचा आहे. मी विचारलं, काढायला बायका मिळतात का? तो म्हणाला, "बायका कशाला? मशीन सांगून ठिवलंय." अट एकच. ज्वारीत दोन तास टाकून मशीन येत नाही, सलग रान लागतं. म्हणजे करडी परत आली तर ती कुंपण म्हणून येणार नाही, पूर्ण पीक म्हणूनच येईल. आणि पूर्ण पीक म्हटलं की भाव आला.

भावाचं असं आहे. केंद्राने २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी करडईचा हमीभाव क्विंटलला ५,९४० रुपये धरला होता. २०२६-२७ साठी तो ६,५४० केला. ६०० रुपयांची वाढ, त्या यादीतल्या सगळ्या रब्बी पिकांत सर्वात मोठी. कागदावर चांगलीच आहे. पण हमीभावाला अर्थ येतो तो खरेदी केंद्रामुळे. आमच्या भागात करडीचं खरेदी केंद्र मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. माल थोडा म्हणून केंद्र नाही आणि केंद्र नाही म्हणून माल थोडा. विचारायला गेलं की या टेबलावरून त्या टेबलावर. लालफीत, दुसरं काय!

दुसरीकडे बंदराचं दार कधीही उघडतं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्के केलं, तेव्हा तेलबियांच्या शेतकऱ्याला जरा बरं वाटलं. मे २०२५ मध्ये, खरिपाची पेरणी तोंडावर असताना, ते १० टक्क्यांवर आणलं. गिऱ्हाइकाला तेल महाग पडू नये हे मान्य, मीही किराणा भरतोच. पण २०२२ आठवा. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि आपल्या गल्लीतल्या दुकानात सूर्यफुलाच्या तेलाचा भाव भडकला. कारण आपण खात होतो त्यातलं बहुतेक सूर्यफूल तेल तिकडूनच येत होतं. सूर्यफूल हे करडीच्याच कुळातलं, आपल्या मराठवाड्यात एके काळी भरपूर पिकणारं. हजारो किलोमीटरवर तोफ वाजली आणि आपल्या कढईत पडसाद उमटले. स्वस्तातली आयात स्वस्त नसते, तिचा हिशेब उशिरा येतो एवढंच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो, कारण कमेंटमध्ये ती येणारच. करडीचं तेल म्हणजे हृदयरोगावरचं औषध, असं मी म्हणत नाही आणि तुम्हीही फॉरवर्ड करू नका. त्यात लिनोलिक आम्ल भरपूर असतं म्हणून साठच्या दशकापासून जगभर त्याची जाहिरात झाली. पण सिडनीत त्याच काळात झालेल्या एका प्रयोगाची माहिती २०१३ साली नव्याने तपासली, तेव्हा आहारात करडई तेल वाढवलेल्या हृदयरुग्णांत मृत्यू कमी नव्हे, जास्त दिसले. तेल ते तेल, बेतानेच खायचं. करडीची बाजू घ्यायला औषधाची गरज नाही. ती पाणी मागत नाही, जमीन धरून ठेवते, तेल आणि पेंड दोन्ही देते आणि पैसा गावात ठेवते. एवढं पुरेसं आहे.

मग करायचं काय? माझ्या अकलेप्रमाणे तीनच गोष्टी. एक, करडीचं हंगामी खरेदी केंद्र, निदान दोन-तीन तालुक्यांत मिळून एक. दोन, शेतकरी गटाला हार्वेस्टर भाड्याने मिळण्याची सोय आणि त्यासाठी शेजारच्या चार-पाच जणांनी सलग रान धरून एकत्र पेरायचं ठरवणं. तीन, लहान घाण्याला झेपतील असे पॅकिंगचे नियम. भेसळ पकडायलाच हवी, पण ती पकडताना घाणेवाला मरू नये. सध्या शहरात 'लाकडी घाण्याचं तेल' म्हणून दुकानं निघालीत, चढ्या भावाने करडी तेल विकतायत. चांगलं आहे. पण त्यातले किती रुपये रानापर्यंत येतात, हे एकदा विचारायला हवं. मी विचारणार आहे, त्यावर वेगळं लिहीन.

आणि चौथी गोष्ट आईची. मी तिला हार्वेस्टरचा व्हिडिओ दाखवला. मशीन करडीच्या रानात शिरतंय, काटेरी झाडं आत ओढतंय, मागून भुसा उडतोय आणि पांढरी करडी टाकीत जमतेय. तिने मोबाईल हातात घेऊन दोनदा पाहिला. मग म्हणाली, "आसं आसंल तर पेर की मग. पण एक तास कडंला हातानं काढायला ठेव. भाजीला." आणि जरा थांबून, "ती बी तूच उपटायची."

यंदा ऑक्टोबरात दोन एकर पेरायचं ठरवलंय. बियाणं सांगून ठेवलं आहे.

तुमच्या घरी करडी कधीपर्यंत होती, कुणी बंद केली, का बंद केली, ते खाली लिहा. आणि एक विनंती. लिहिण्याआधी घरातल्या बाईला विचारा. माझ्यासारखी चार कॉलमी चूक करू नका.

(पोस्ट पुढे पाठवायची तर पूर्ण पाठवा, अर्धी कापून नको.)